दाराशी कोणते झुडूप लावावे?

श्रावणात आपले गाव पाहा. सगळे हिरवे दिसते. कौलावर शेवाळ, बांधावर गवत, उकिरड्यावर भोपळ्याचा वेल. जी फांदी खोचावी ती जगते. अशा वेळी वाटते, दारापुढे काहीतरी लावावे. बाजारात रोपे आलेली असतात. गुलाब असतो, शेवंती असते. आपण दोन रोपे घेतो आणि हौसेने लावतो.

आता तेच अंगण चैत्रात पाहा. जमीन तापलेली, मातीला भेगा. गुलाबाची काडी उभी आहे, पण तिला पान नाही. शेजाऱ्याच्या शेळीने उरलेला पाला कधीच खाल्ला आहे.

जव्हार आणि मोखाडा हे आपले दोन तालुके डोंगरावर आहेत. पावसाळ्यात इथे शंभर इंचांच्या घरात पाऊस पडतो. एवढा पाऊस देशात फार थोड्या ठिकाणी पडतो. पण तो सारा चार महिन्यांत पडतो. जमीन उताराची, माती पातळ, खाली मुरूम आणि कातळ. पाणी धावत नदीला जाते. दिवाळीनंतर ओढे बारीक होतात. होळीनंतर विहिरी तळाला जातात. मोखाड्याच्या कितीतरी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ह्याच तालुक्याच्या हद्दीत मध्य वैतरणा धरण आहे. २०१४ सालापासून त्याचे पाणी मुंबईला जाते.

तेव्हा झुडूप निवडायचे ते श्रावण पाहून निवडू नये. चैत्र-वैशाख डोळ्यांपुढे आणावा आणि मग निवडावे.

पाण्याचा हिशेब

पाटी घ्या. आपण एक हिशेब करू.

एका हंड्यात साधारण १५ लिटर पाणी मावते. समजा, तुम्ही दहा झाडे लावली. प्रत्येक झाडाला आठवड्याला अर्धा हंडा पाणी दिले. म्हणजे आठवड्याला पाच हंडे झाले. फेब्रुवारीपासून मृगाच्या पावसापर्यंत अठरा आठवडे होतात. पाच गुणिले अठरा म्हणजे नव्वद हंडे.

आता समजा, झाडे नाजूक आहेत. त्यांना आठवड्यातून तीन वेळा पाणी लागते. मग हंडे होतात दोनशे सत्तर. बाई एका खेपेला दोन हंडे आणते. म्हणजे एकशे पस्तीस खेपा. विहीर टेकडीखाली असेल, तर एकशे पस्तीस वेळा टेकडी उतरायची आणि चढायची. तीही घरातले पिण्याचे पाणी, जनावराचे पाणी आणून झाल्यावर.

हे पाणी बहुधा घरातली बाई आणते, नाहीतर मुलगी. म्हणून झाड लावण्याआधी घरात एकच प्रश्न विचारावा, ह्याला उन्हाळ्यात पाणी कोण घालणार? आणि त्याचे उत्तर पाणी आणणारीने द्यावे. दुसऱ्या कोणी देऊ नये.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. भात आणि नागली घरात आली की पुष्कळ कुटुंबे जगायला बाहेर जातात. कोणी वीटभट्टीवर जाते, कोणी रेतीवर, कोणी बांधकामावर. घराला कडी लागते. मागे एखादी म्हातारी राहते, किंवा तीही राहत नाही. माणसे परत येतात ती होळीला चार दिवस, आणि मग एकदम पावसाच्या तोंडावर.

असे बोलणे पुष्कळ घरांत होते :

सून म्हणते, “आई, बाजारात गुलाबाची रोपं आलीत. दोन घेऊ का?”

सासू म्हणते, “घे बाय. पण दिवाळीनंतर आपण भट्टीवर जाणार. मग त्याला पाणी कोण घालंल?”

“मग काय दारात काहीच लावू नको?”

“लाव की! पण आपण नसलो तरी जगंल असं लाव.”

सासूचे म्हणणे बरोबर आहे. शहरातील बागेच्या पुस्तकांत कमी देखभालीची झुडपे सांगितलेली असतात. ती बहुतेक सवड नसणाऱ्या माणसांसाठी असतात. आपल्याला तशी झुडपे हवीत, कारण पाणी दूर आहे आणि घर कित्येक महिने बंद राहते.

आधी माळ पाहून या

जव्हारजवळ शिरपामाळ आहे. १६६४ साली शिवाजी महाराज सुरतेकडे जाताना तेथे थांबले होते. जव्हारच्या राजाने त्यांचे स्वागत केले, मानाचा शिरपेच दिला, म्हणून ह्या जागेला शिरपामाळ नाव पडले, असे लोक सांगतात. अशा उघड्या माळांवर आणि त्यांच्या उतारांवर उन्हाळ्यात एकदा मुद्दाम फिरावे. तिथे कोणी हंडा घेऊन जात नाही. तरी काय काय जिवंत आहे ते पाहावे.

माघ-फाल्गुनात धायटी लाल फुलते. चैत्रात कुडा पांढऱ्या फुलांनी भरतो. त्याच्या फुलांची भाजी आपण खातो. करवंदीच्या जाळ्या तर ऐन उन्हात हिरव्यागार असतात आणि वैशाखात काळ्या फळांनी लगडतात. मुरुडशेंग असते. ओढ्याच्या काठाला निरगुडी असते. ह्या झुडपांची मुळे मुरुमातून खोल जातात. पाने चिवट असतात, किंवा झाड पाने गाळून उन्हाळा काढते. ती आपली हवा ओळखतात.

ह्यांतली सगळीच दाराशी आणता येतात असे नाही. कारवीचेच पाहा. आपल्या कुडाच्या भिंती तिच्याच काठ्यांच्या. पण तिला डोंगराची सावली आणि सोबतीला तिचीच दाटी लागते. एकटी अंगणात आणून लावण्यात अर्थ नाही. करवंद आणि निरगुडी मात्र खुशाल आणावी.

कुंपणाची झुडपे

भात कापले की गुरे मोकळी सुटतात. म्हणून पहिले काम कुंपणाचे. दरवर्षी आपण काटेरी फांद्या तोडून कुंपण घालतो. ते वर्षभरात कुजते, वाळवी खाते, आणि पुन्हा रानातून फांद्या तोडाव्या लागतात. जिवंत झुडपांचे कुंपण एकदा उभे राहिले म्हणजे ही दरवर्षीची तोड वाचते.

करवंद ह्या कामाला फार चांगले. काटा कडक असतो, गुरू आत शिरत नाही, आणि मुलांना फळे मिळतात. वैशाखात पिकलेली करवंदे खाल्ली की बिया टाकू नका. धुऊन सावलीत सुकवा आणि पहिल्या पावसाबरोबर कुंपणाच्या ओळीत पेरा. फार दिवस ठेवलेले बी नीट उगवत नाही. दोन दोन फुटांवर एक रोप राहू द्यावे. करवंद सावकाश वाढते. कुंपण दाट व्हायला तीन-चार पावसाळे जातात. तोपर्यंत बाहेरून काट्याच्या फांद्यांचे साधे कुंपण ठेवावेच लागते. इतका धीर नसेल त्याने करवंदाच्या मधून मधून अडुळसा आणि निरगुडी लावावी.

अडुळशाला शेळी तोंड लावत नाही, कारण पाला कडू असतो. निरगुडीच्या पाल्याला उग्र वास असतो. तिच्याही वाटेला जनावर सहसा जात नाही. दोन्हींना विकत घ्यावे लागत नाही. शेजाऱ्याकडून अंगठ्याएवढ्या जाड, वीत-दीड वीत लांब फांद्या मागून आणाव्यात आणि पावसाळ्यात जमिनीत खोचाव्यात. दोन डोळे जमिनीत गेले पाहिजेत, दोन वर राहिले पाहिजेत. दहा खोचल्या तर सात-आठ जगतील. निरगुडीचा वाळलेला पाला धान्यात ठेवला तर किडे कमी लागतात, हे आपल्या घरच्या जुन्या बायकांना ठाऊक आहे.

अडुळशाचा काढा खोकल्यावर देतात. त्याबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. गरोदर बाईने तो घेऊ नये. आणि खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर काढ्यावर विसंबून राहू नये. सरकारी दवाखान्यात जाऊन थुंकी तपासून घ्यावी. तो क्षयाचा खोकला असू शकतो.

गिरिपुष्प हे झाड परमुलखातले, मध्य अमेरिकेतले. पण आता कोकणात भाताच्या बांधांवर ते सगळीकडे दिसते. त्याची मनगटाएवढी जाड, तीन-चार फूट लांब फांदी पावसाच्या तोंडाशी पुरली की ती धरते. वाढू दिले तर त्याचे झाड होते. दरवर्षी कमरेइतक्या उंचीवर छाटले तर ते झुडूप होऊन राहते. छाटलेला कोवळा पाला भाताच्या खाचरात चिखलणीच्या वेळी टाकावा. तो लवकर कुजतो आणि चांगले खत होते. आपल्याकडे राबासाठी रानातल्या झाडांच्या फांद्या तोडतात. बांधाला आणि कुंपणाला गिरिपुष्प असले तर शेताच्या खताला तरी घरचा पाला हाताशी येतो. हिवाळ्यात त्याची पाने गळतात आणि फिकट गुलाबी फुले येतात. झाड मेले असे समजू नये. त्याचे बी आणि साल विषारी असते. पूर्वी त्याने उंदीर मारीत, हे मुलांना सांगून ठेवावे.

ही कल्पना एकट्यादुकट्याची नाही. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली पुणे जिल्ह्यातील उरुळीकांचन येथे बायफ ही संस्था काढली. तिने १९८२ साली गुजरातेत वांसदा भागात आदिवासी शेतकऱ्यांबरोबर वाडीचे काम सुरू केले. मध्ये आंबा, काजू; कडेने सरपणाची, चाऱ्याची, पाल्याची झाडे आणि झुडपे. पुढे हे काम जव्हारकडेही आले. आंब्याचे कलम जगले ते पुष्कळदा कडेच्या कुंपणामुळे जगले. शेळी आत आली असती तर पाणी आणि खत घालून काय उपयोग?

हे दाराशी नको

काही झुडपे न मरणारी असतात, पण ती दाराशी आणू नयेत.

कण्हेरीला पाणी लागत नाही, फुले बारा महिने येतात, शेळी खात नाही. म्हणून लोक ती लावतात. पण कण्हेरीचे पान, फूल, फांदी, मूळ, सारे विषारी आहे. पिवळ्या कण्हेरीचे बी तर फारच वाईट. रांगते मूल ज्या अंगणात आहे तिथे कण्हेर मुळीच लावू नका. आधीची असेल तर तिच्या छाटलेल्या फांद्या जनावरांपुढे टाकू नका, आणि चुलीतही घालू नका.

मोगली एरंडाचेही तसेच. कुंपणाला तो सोपा, म्हणून गावोगाव आहे. त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोडसर लागतात. मुले त्या खेळता खेळता खातात, आणि मग उलट्या-जुलाब सुरू होतात. असे झाले तर घरगुती उपाय करीत बसू नये. मुलाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे आणि बी बरोबर न्यावे, म्हणजे डॉक्टरला कळते. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर डोळा जाण्याची भीती असते. शेर असलाच तर कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला असावा.

घाणेरी आपण पाहतोच. तिला कोणी टणटणी म्हणतात. रंगीत फुलांची ही झुडूपजात मुळात अमेरिकेतली. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी ती बागेची शोभा म्हणून हिंदुस्थानात आणली. बाग सोडून ती रानात गेली, आणि आज गुरांच्या चरणीच्या जागा तिने व्यापल्या आहेत. तिचा पाला खाऊन गुरे आजारी पडतात. तिला पाणी नको, खत नको, काही नको. पण आपल्यालाही ती नको. ह्याच कारणाने, कोणी नवे झुडूप आणून “हे कुठेही वाढते” असे सांगू लागला, तर आधी ते शेजारच्या रानात पसरेल काय, हे विचारावे.

मोरीचे पाणी

घरात माणसे आहेत तोवर मोरीचे पाणी रोज वाहते. आंघोळीचे, भांड्यांचे, तांदूळ धुतलेले. ते अंगणात साचले तर डास होतात. त्या पाण्याच्या वाटेवर दोन-तीन झुडपे लावली तर पाणी झुडपे पितात. कपड्यांचे पहिले पाणी, ज्यात पावडर आणि सोडा फार असतो, ते झाडांना घालू नये. खळबळून काढलेले शेवटचे पाणी चालते. राखेने घासलेल्या भांड्यांचे पाणी चालते.

मोरीशी पहिला मान कढीपत्त्याला. रोजच्या आमटीला पाने मिळतात. मोठ्या झाडाच्या बुडाशी मुळांतून फुटवे येतात, ते मुळासकट काढून लावावे. बी लावायचे तर ताजे लावावे. वाळलेले बी उगवत नाही. पहिले वर्षभर तो रुसल्यासारखा तसाच राहतो. मग वाढू लागतो. एकदा रुजला की मध्ये पाणी तुटले तरी तग धरतो.

जास्वंद लागते लवकर, फुलते भरपूर, पण तिला पाण्याची ओढ लागते आणि पिठ्या ढेकूण फार होतो. उन्हाळ्यात घरी राहणाऱ्यांनीच ती लावावी. तगर तिच्याहून सोशीक. पांढरी फुले पूजेला होतात, आणि सावलीतही झाड नीट राहते.

शेवगा हे झाड खरे, झुडूप नव्हे. पण दरवर्षी छातीएवढ्या उंचीवर कापला तर तो झुडपासारखा फुटतो आणि पाला हाताशी येतो. आपण शेंगा खातो आणि पाला टाकतो, हे बरे नाही. शेवग्याच्या पाल्यात अ जीवनसत्त्व, लोह आणि चुना भरपूर असतो. १९९२ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणी भागात कुपोषणाने आणि आजारांनी मुले दगावली. ती बातमी साऱ्या महाराष्ट्रात गेली. एका शेवग्याने असे दुखणे हटत नाही. त्याला धान्य, दवाखाना, रस्ता, मजुरी सारे लागते. पण दारातला पाला फुकट आहे, आणि गरोदर बाईला आणि लहान मुलाला तो आमटीत घालून देता येतो. शेवग्याच्या मुळाशी पाणी साचू देऊ नये. मूळ कुजते. मोरीपासून जरा हटून, उताराच्या वरच्या अंगाला तो लावावा.

मोगरा

आता मोगऱ्याबद्दल सविस्तर बोलू. कारण मोगरा आपल्या भागात पैसा देतो. जव्हार, मोखाडा आणि विक्रमगड ह्या तालुक्यांत पुष्कळ आदिवासी शेतकरी मोगरा लावतात. पहाटे कळ्या तोडतात, आणि त्या मुंबईला दादरच्या फुलबाजारात जातात. लग्नसराईत भाव चढतो, एरवी पडतो. ज्या घरी मोगऱ्याचा मळा आहे, त्या घरच्या माणसांना उन्हाळ्यात घरीच काम असते. भट्टीवर जाणे काही घरांचे त्यामुळे कमी झाले आहे. झुडूप माणसाला गावात ठेवू शकते ते असे.

पण मोगरा बिनपाण्याचा नव्हे. त्याची फुले येतात फेब्रुवारी-मार्चपासून पावसापर्यंत, म्हणजे नेमकी पाणी नसते तेव्हा. तेव्हा मळा लावायचा असेल तर आधी विहीर, बोडी किंवा ओढ्याचे बारमाही पाणी पाहावे. पाणी नाही आणि शेजाऱ्याचे पाहून शंभर झाडे लावली, तर पैसे बुडतात. दारातल्या दोन झाडांची गोष्ट वेगळी. ती मोरीच्या पाण्यावर भागतात आणि घरातल्या बायकांना वेणीपुरती फुले देतात. दोन झाडे लावून एक उन्हाळा काढावा. आपली जमीन, आपले पाणी आणि आपला हात त्याला मानवतो का ते कळते. मग पुढे जावे.

लावणी सोपी आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला जून फांदीचे वीतभर तुकडे करावे. सावलीत, भुसभुशीत मातीत तिरपे लावावे. दोनएक महिन्यांत मुळ्या धरतात. मळ्यात दोन झाडांत चार-पाच फूट अंतर ठेवतात. चांगली फुले तिसऱ्या वर्षापासून येतात, आणि झाड दहा-बारा वर्षे फुलते.

मोगऱ्याचे गुपित छाटणीत आहे. पावसाळा संपला की पाणी तोडावे. झाडाला विश्रांती मिळते. नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरात सुकलेल्या, आत घुसलेल्या फांद्या काढाव्या आणि बाकीच्या निम्म्यापर्यंत छाटाव्या. मग आळे करून एक-दोन घमेली कुजलेले शेणखत घालावे आणि पाणी सुरू करावे. नव्या फुटीवरच कळ्या येतात. पुष्कळांना छाटायला जीव होत नाही. झाड वाढते, पसरते, हिरवे दिसते आणि फुले मात्र मूठभर. छाटणीला भिऊ नये.

कळी तोडायची ती पांढरी, टपोरी, पण मिटलेली. सूर्य वर यायच्या आत. उमललेले फूल बाजारात पोचेपर्यंत मलूल होते.

घर उन्हाळ्यात बंद राहणार असेल आणि तरी दारात फुले हवी असतील, तर मोगरा सोडून कोरांटी लावावी. काटेरी असते, पिवळी फुलते, तिचे बी आपोआप पडून रोपे होतात. बोगनवेलही चांगली. तिचे रंगीत पाकळीसारखे दिसते ते फूल नसून कागदासारखी पाने असतात. आत बारीक पांढरे फूल असते. गंमत अशी की तिला पाणी कमी पडले की ती अधिक फुलते. तिचे मूळ गाव ब्राझील. बूगँव्हील नावाचा एक फ्रेंच दर्यावर्दी अडीचशे वर्षांपूर्वी पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला, त्याचे नाव तिला पडले. काटे मोठे असतात, म्हणून येण्याजाण्याच्या वाटेवर ती लावू नये.

खड्डा आणि लावणी

खड्डा पावसात खणू नये. वैशाखात खणावा. एक हात लांब, एक हात रुंद, एक हात खोल. वरची काळी-तांबडी माती एका बाजूला ठेवावी, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. खड्डा पंधरा दिवस उन्हात तापू द्यावा. तळाशी सुका पाला घालावा. वरच्या मातीत एक घमेले कुजलेले शेणखत मिसळून खड्डा भरावा. ओले, ताजे शेण घालू नये. त्याने वाळवी येते आणि मुळे भाजतात.

मृगाची पहिली सर पडली की लोक घाई करतात. ती सर पुष्कळदा फसवी असते. मागून आठ दिवस ऊन पडते आणि रोप करपते. जमीन वीतभर खोल भिजली का ते बोट आणि काठी खुपसून पाहावे. साधारण आर्द्राच्या पावसात लावावे.

रोप पिशवीत असेल तर पिशवी फाडून काढावी. पिशवीसकट लावलेले झाड पुढे मरते, कारण मुळे आतल्या आत गोल फिरतात. रोप पिशवीत जेवढे खोल होते तेवढेच खोल लावावे. माती पायाने हलकी दाबावी. उतारावर असेल तर रोपाच्या खालच्या अंगाला मातीचा किंवा दगडांचा बांध घालावा, अर्ध्या चंद्रासारखा. वरून येणारे पाणी त्यात थांबते आणि जिरते. सपाट जागी उलट करावे. तिथे पावसाचे पाणी साचते, म्हणून मुळाशी उंचवटा करावा.

दारापासून आणि भिंतीपासून झुडूप आठ-दहा फूट दूर असावे. दाट झुडपात साप, विंचू बसतात. बुडाशी फूटभर जागा मोकळी दिसेल अशी खालच्या फांद्यांची छाटणी करावी. कुडाची भिंत असेल तर मुळांची ओल भिंतीला लागू देऊ नये.

जगायला जाण्याआधी

पहिला उन्हाळा महत्त्वाचा. तो झुडपाने काढला की पुढचे उन्हाळे ते स्वतः काढते. म्हणून दिवाळीनंतर घराला कडी लावण्याआधी दोन दिवस झुडपांसाठी द्यावे.

पहिल्या दिवशी मुळाभोवतीचे गवत काढावे आणि माती खुरप्याने हलवावी. मग भाताचा पेंढा, नागलीचे काड किंवा सुका पाला चार बोटे जाड पसरावा. खोडाभोवती वीतभर जागा उघडी ठेवावी, नाहीतर वाळवी खोडाला लागते. ह्या आच्छादनाने जमिनीतली ओल पुष्कळ दिवस टिकते. कुंपणाच्या बाहेरचे गवत मात्र हातभर रुंदीत साफ काढावे. माघ-फाल्गुनात वणवा येतो. वाळलेल्या गवतातून तो थेट अंगणात शिरतो, आणि आत पेंढा पसरलेला असतो.

दुसऱ्या दिवशी कुंपणाची भोके बुजवावी. शेळीला एक भोक पुरते.

गावात कोणी राहणार असेल तर मडक्याची युक्ती करावी. जुने, न रंगवलेले मातीचे मडके घ्यावे. बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात घालावी. मडके झुडपाच्या शेजारी गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे, वर झाकण ठेवावे. पाणी थेंबाथेंबाने मुळांशी जाते. वरून ओतलेले पाणी उन्हाने उडून जाते, तसे हे उडत नाही. आठवड्याला एक मडके दोन लहान झुडपांना पुरते. म्हातारीलाही एवढे जमते. जाताना तिला नुसते “झाडांकडे बघ” असे सांगू नये. कोणत्या झाडाला, किती दिवसांनी, किती पाणी, हे तिच्याबरोबर फिरून दाखवावे. तिला वाचता येत नसेल तर भिंतीवर खडूने रेघा मारून द्याव्या. एक मडके घातले की एक रेघ पुसायची.

मे महिन्यात परत याल तेव्हा पुष्कळ झुडपे मेल्यासारखी दिसतील. लगेच उपटू नका. खालच्या फांदीची साल नखाने जरा खरवडून पाहा. आत तपकिरी, कोरडे दिसले तर फांदी गेली. मग आणखी खाली, बुडाजवळ खरवडा. तिथे हिरवे, ओलसर दिसले तर वरचा सुका भाग कापून टाका, आळे नीट करा आणि पावसाची वाट पाहा. आर्द्रा संपेपर्यंत बुडातून फूट आली नाही, तरच तिथे दुसरी फांदी लावा.